एकशे सत्ताविसावा दात

नट पहिले काही फेरे छान फिरला. मग जड झाला, मग कुरकुरला, आणि शेवटी असा रुतून बसला की हसन मिस्त्रींनी दोन्ही हातांनी जोर लावला तरी तो ना पुढे जाईना, ना मागे येईना.

कारखानीस साहेब ओरडले नाहीत. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत उभे राहिले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट कोल्हापुरातल्या उद्यमनगरची, मी तिशी नुकती ओलांडली होती तेव्हाची. आमचे हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागे राहिलं होतं एक पत्र्याचं शेड, त्यात लोखंड कातायचा एक विलायती लेथ, एक छोटं मिलिंग मशीन आणि ह्यांच्याबरोबर उभं आयुष्य काढलेले हसन मिस्त्री. मी सकाळी घरातल्या पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायची आणि दुपारी शेडवर जायची. दारावर ‘मालक : पद्मावती मगदूम’ अशी पाटी लावली होती. ती वाचून येणारे-जाणारे हसायचे. हसू देत, दात त्यांचे होते.

कारखानीस साहेब एका सूतगिरणीत इंजिनिअर होते. गिरणीतल्या सुताच्या गासड्या दाबायला एक जर्मन प्रेस होता, त्याचा हातभर लांबीचा स्क्रू मोडला होता. नट मात्र शाबूत होता. त्या नटात बसेल असा नवा स्क्रू करून द्यायचा, एवढंच काम. एवढंच, असं आम्हाला वाटलं होतं.

“मिस्त्री,” साहेब चष्मा घालत म्हणाले, “एकशे सत्तावीसचा गिअर लावला होता ना?”

मिस्त्रींची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

“मला कुणी सांगाल का, घोडं कुठं पेंड खातंय ते?” मी विचारलं.

साहेबांनी मला समजेल असं सांगितलं. “मगदूमबाई, तुमचा लेथ विलायती. तो इंचात चालतो. आमचा प्रेस जर्मन, त्याचे आटे मिलिमीटरमध्ये. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे, तर मध्ये एक दुभाषी लागतो. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. म्हणजे पाच इंच बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. म्हणून एकशे सत्तावीस दातांचा गिअर. तो एक लावला की लेथ जर्मन बोलायला लागतो.”

“आणि आपण कितीचा लावला, मिस्त्री?”

“एकशे अठ्ठावीसचा,” मिस्त्री पुटपुटले. “म्हटलं, एका दातानं काय हुतंय? आखूड बोल्टाला चालून जातंय वैनी. आजवर चाललंय.”

“आखूड बोल्टाला चालतं,” साहेब म्हणाले. “पण हा नट लांब आहे. प्रत्येक आट्याला केसभर चूक, आणि केसावर केस साठत गेले की नट अडणारच.” त्यांनी टेंपोतून दुसरी सळई उतरवून घेतली. “हे पोलाद आमच्याकडे एवढंच उरलं आहे. मी शनिवारी नट घेऊन येतो. बसला तर उत्तम. नाही बसला तर मला दुसरीकडे बघावं लागेल.”

ते गेले आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेले भूपाल भावोजी उठले. भूपाल म्हणजे माझे धाकटे दीर, बँकेत नोकरीला. मनानं वाईट नव्हते. फक्त विधवा भावजयीनं लोखंडात हात काळे करावेत हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

“वहिनी, आता तरी ऐका. पलीकडच्या वर्कशॉपचे यादवशेठ लेथ घ्यायला तयार आहेत. शनिवारी ट्रक घेऊन येतो म्हणालेत. तुम्ही क्लास चालवा, सुखानं रहा. हे बायकांचं काम नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “शनिवारी नट अडला तर लेथ घेऊन जा म्हणावं. मी अडवणार नाही. पण फिरला, तर पुन्हा ह्या शेडमध्ये विक्रीचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” ते म्हणाले, आणि मिस्त्रींकडे बघून हसले. बोलून गेले मी, पण सायकलवरून ते दिसेनासे झाल्यावर मी काय पणाला लावलं ते ध्यानात आलं. लेथ गेला असता तर त्या शेडमध्ये माझं म्हणून काहीच उरलं नसतं.

“मिस्त्री, तुम्हाला ठाऊक होतं ना, एकशे सत्तावीस लागतो म्हणून?”

“ठावं व्हतं की.”

“मग दात एकशे सत्तावीसच का नाही पाडले?”

मिस्त्रींनी मिलिंग मशीनजवळची लोखंडी चकती माझ्यासमोर धरली. तिच्यावर भोकांचे गोल होते. एका गोलात सोळा, एकात वीस, एकात सत्तावीस, असे. ह्या भोकांवर मोजून गिअरची चकती थोडी थोडी फिरवायची आणि दर थांब्याला एक खाच पाडायची.

“बगा वैनी. एकशे अठ्ठावीस करायचं तर सोपं. सोळाचं आठ भाग. एकशे वीस करायचं, तर इसाचं सहा. आकडा फुटला पायजे, म्हंजे त्याचा तुकडा हितल्या कुटल्या तरी गोलात बसतोय. एकशे सत्तावीस फुटतच न्हाई. आन् एकशे सत्तावीस भोकांचा गोल काय चकतीवर न्हाई.”

“फुटत नाही म्हणजे? प्रयत्न तरी केला का?”

मला वाटलं, मिस्त्रींना पाढे येत नसतील. मी तिथंच खडू घेतला आणि पत्र्यावर मांडायला बसले. दोनानं जात नाही, हे तर उघडच. तीन? एकशे सव्वीसला जातं, एक उरतो. पाच? पाचाला शेवटी पाच नाहीतर शून्य लागतं. सात? सातानंही एकशे सव्वीसच पदरात पडतं, वर पुन्हा एक. अकराचा पाढा एकशे एकवीसवरून थेट एकशे बत्तीसवर उडी मारतो. तेरा, सतरा, एकोणीस, सगळे करून पाहिले. सगळ्यांनी हात वर केले.

गंमत अशी की त्याचे शेजारी किती मायाळू! एकशे सव्वीस म्हणजे मोठ्या घरची सून. दोन, तीन, सहा, सात, नऊ, चौदा, अठरा, सगळ्यांशी तिचं जमतं. एकशे अठ्ठावीस निम्मं करत जा, चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, थेट एकापर्यंत विनातक्रार येतं. आणि दोघांच्या मध्ये हा एकशे सत्तावीस, एका शब्दानं कुणाचं ऐकत नाही. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा जिव्हाळाही वाटला.

“मुंबैला मिळंल,” मिस्त्री म्हणाले. “पर म्हैना लागंल.”

शनिवार तर चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला सरनोबतकाकू आल्या. काकू म्हणजे आमच्या गल्लीतलं सर्वांत प्रशस्त व्यक्तिमत्त्व. त्यांना लेकीच्या लग्नासाठी नवे परकर शिवायचे होते. माझं निम्मं डोकं शेडमध्येच होतं, तरी मी सवयीनं गळ्यातला टेप काढला आणि मापं घ्यायला लागले.

परकराला सीट, म्हणजे कमरेखालचा घेर, नीट घ्यावा लागतो. टेप काकूंच्या भोवती फिरवून आणला, त्याचं टोक जिथं भिडलं तिथला आकडा बघितला. पन्नास. बरोबर पन्नास इंच.

मी तो वहीत लिहिणार, तेवढ्यात माझा अंगठा सरकला. माझ्या टेपच्या एका कडेला इंच होते आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. पन्नासाच्या रेघेला अगदी लागून, नाकासमोर, सेंटिमीटरची रेघ होती. तिच्यावर लिहिलं होतं, एकशे सत्तावीस.

मी टेप धरून तशीच उभी राहिले.

“काय वं बाई?” काकूंनी मान वळवली. “आकडा बगून भवळ आली व्हय?”

“काकू, जरा हलू नका.”

“आगं, पर किती येळ?”

मी वाकून बघितलं. काकूंच्या भोवती, त्या गोल घेरावर, एकशे सत्तावीस सेंटिमीटर ओळीनं बसले होते. सारखे. एकही तुकडा मोठा नाही, एकही लहान नाही. कुणी आकडा फोडला नव्हता, कुणी भागाकार केला नव्हता. फक्त गुंडाळला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा तर कळसा गळ्यातच लोंबत होता!

“काकू,” मी म्हणाले, “तुमचे परकर माझ्याकडून फुकट.”

“आगं, पर का?”

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. टेप मुठीत धरून चपला न घालता शेडकडे पळत सुटले. काकू गल्लीभर सांगत फिरल्या की मगदूमीणबाईंना पन्नास इंच बघून वेड लागलं.

मिस्त्रींनी माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“वैनी, ह्यो कापडाचा टेप. ताणला की वाढतोय. असल्यावर कुणी गिअर पाडतंय व्हय?”

“ताणला तर सगळाच ताणेल ना? एक सेंटिमीटर वाढला तर एकशे सत्तावीसही तेवढेच वाढतील. आपल्याला सेंटिमीटर कुठं पाहिजेत? आपल्याला सारखे भाग पाहिजेत.”

मिस्त्रींनी टेप हातात घेतला, दुमडून रेघांवर रेघा ठेवून बघितल्या. मीही घरी नवा टेप आणला की असाच पारखते. खोट्या टेपच्या रेघा दुमडल्या की एकमेकींवर बसत नाहीत. ह्या बसल्या.

“आन् चाक मोठं केलं,” ते हळूहळू म्हणाले, “तर त्याच्यावरची चूक गिअरवर लहान हून उतरंल.” मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “वैनी, सुताराकडं मानूस पाठवा!”

सुतारानं सागाच्या फळ्या जोडून परातीहून मोठी गोल चकती दिली. मिस्त्रींनी ती लेथवर चढवली आणि कड सारखी करत करत उतरवायला लागले. थोडं लाकूड काढायचं, टेप गुंडाळून बघायचा, पुन्हा थोडं काढायचं. टेपचं पितळी टोक वापरून झिजलेलं असतं, म्हणून शिवणारी बाई शहाणी असेल तर नेमक्या मापाला शून्यापासून कधी मोजत नाही. मी दहाच्या रेघेवर कापलं आणि एकशे सदतीसच्या रेघेवर कापलं. मधे बरोबर एकशे सत्तावीस.

आणि मग व्हायचं तेच झालं. टोकं जुळायला सुताएवढं अंतर राहिलं असताना मिस्त्रींनी जरा जास्तच लाकूड काढलं. टेप आता चढून बसायला लागला. एक टोक दुसऱ्यावर.

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं आणि खाली बसले. “नशीबच फुटकं,” ते म्हणाले. “आकडा फुटंना, नशीब फुटतंय.”

“उठा,” मी म्हणाले. “ब्लाउज ढिला झाला तर फेकून देतात का?”

मी खळ करून आणली. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली आणि चाकाच्या कडेवर एक वेढा चिकटवला. वाळल्यावर टेप गुंडाळला. अजून थोडा सैल. दुसरा वेढा दिला. ह्या वेळी टेपची दोन टोकं एकमेकांना अशी टेकली की मधे नख जाईना. मिस्त्रींनी त्या सांध्यावरून तीन वेळा बोट फिरवलं आणि विडी पेटवायला बाहेर गेले. त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसू नयेत म्हणून.

शुक्रवारी सकाळी गिअर पाडायला घेतला. ज्या दांड्यावर गिअरची कोरी चकती, त्याच दांड्यावर मागं टेप चिकटवलेलं हे लाकडी चाक. चाकासमोर मी एक शिवणाची सुई रोवून घट्ट केली होती. रेघ सुईसमोर आली की मी “हं” म्हणायचं, मिस्त्रींनी दांडा आवळून खाच पाडायची, मग पुढची रेघ. आणखी एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं. मधे कुणी हाका मारल्या, दुधवाला येऊन गेला, आम्ही बघितलंसुद्धा नाही. माझी मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं; पदरानं पुसायचं आणि पुन्हा सुईवर नजर लावायची.

दुपार कलल्यावर भूपाल भावोजी आले. थोडा वेळ आमचं बघत उभे राहिले, मग चाकाजवळ येऊन वाकले.

“वहिनी, इथं तर एकशे तीसच्या पुढं आकडे आहेत! तुम्हाला एकशे सत्तावीस पाहिजेत ना? चुकलात तुम्ही. आणि मिस्त्री, तुम्हीसुद्धा?”

मिस्त्रींनी यंत्र थांबवलं. मी एक शब्द बोलायचा नाही हा नियम मोडला. “भावोजी, दहापासून मोजतोय आम्ही. बँकेत बेरजा करताना कुणी कानाशी बडबडलं तर काय करता?”

“हाकलून देतो.”

“मग?”

ते मुकाट्यानं स्टुलावर जाऊन बसले. पण गेले नाहीत. माझ्या लक्षात आलं की त्यांचीही नजर आता सुईवरच होती.

असल्या कामात सगळं कळतं ते शेवटी. वाटेत कुठंही चूक झाली, चोरपावलांनी साठत गेली, तरी ती शेवटच्या खाचेपाशी उघडी पडते. शेवटचा दात बाकीच्यांच्या मानानं बारीक निघतो नाहीतर जाड, आणि मग सगळा गिअर भंगारात. शेवटची रेघ सुईसमोर आली. मला “हं” म्हणवेना.

“वैनी,” मिस्त्री म्हणाले, “म्हना.”

“हं.”

कटर फिरला, लोखंडाचा बारीक कीस खाली पडला, आणि मिस्त्रींनी यंत्र थांबवलं. त्यांनी फुंकर मारली. शेवटची खाच आणि पहिली खाच यांच्या मध्ये एकशे सत्ताविसावा दात उभा होता. मिस्त्रींनी जाडी मोजायचा कॅलिपर घेतला, पहिल्या दाताला लावून आवळला, आणि तसाच उचलून ह्या दातावर आणला. कॅलिपर त्याच्यावरून अलगद घासत गेला. ना अडकला, ना हलला.

“सख्खा भाऊ हाय,” मिस्त्री म्हणाले.

मी मोठ्यानं हसले. हे गेल्यापासून शेडमध्ये मी कधी हसले नव्हते.

शनिवारी सकाळी यादवशेठांचा ट्रक आधी आला. शेठ स्वतः पुढं बसलेले, मागं चार हमाल, लाकडी ओंडके आणि दोरखंड. भूपाल भावोजी दारातच उभे होते. शेठ म्हणाले, “चला, उचलायचं का?”

“थांबा जरा,” भावोजी म्हणाले. “अजून नट बघायचा आहे.” त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती माझ्या बाजूची होती, हे ऐकून मला धीर आला.

कारखानीस साहेब नट घेऊन आले. स्क्रू बाकावर तेल लावून ठेवला होता. पहाटेपासून मिस्त्रींनी तो त्या नव्या गिअरवर पाडला होता; आटे आरशासारखे चमकत होते. साहेबांनी नट मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी तो माझ्यासमोर धरला.

“वैनी, तुमी फिरवा.”

मी नट स्क्रूच्या तोंडाला लावला. पहिले फेरे सोपे गेले. ते तर मागच्या वेळीही गेले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी फिरवत होते आणि प्रत्येक फेऱ्याला जडपणाची वाट बघत होते. मागच्या वेळी जिथं तो रुतला होता, ती जागा आली. माझा हात आपोआप सावकाश झाला.

नट गेला. पुढंही गेला. मी एक हात काढून घेतला आणि एकाच हातानं फिरवायला लागले. मग नुसत्या दोन बोटांनी. आट्यांवरून तेलाचा बारीक आवाज येत होता. नट अर्ध्यावर गेला, अर्ध्याच्या पुढं गेला, शेवटच्या आट्यावर आला आणि दुसऱ्या टोकानं सुटून माझ्या तळहातात पडला.

“वा!” कारखानीस साहेब ओरडले. अखेर ओरडले. “मगदूमबाई, वा! कुठून मागवला गिअर?”

“मागवला नाही, इथंच केला,” भूपाल भावोजी माझ्या आधी बोलले. “आमच्या वहिनींनी आणि मिस्त्रींनी. टेपावर.” आणि त्यांनी साहेबांना हाताला धरून लाकडी चाकाकडे नेलं, आणि दहापासून का मोजायचं ते असं समजावून सांगायला लागले, जणू ती युक्ती त्यांनीच काढली होती. मी सांगू दिलं.

यादवशेठ मात्र चाकाकडे गेले नाहीत. ते गिअरजवळ गेले. त्यांनी तो उचलला, दातांवरून अंगठा फिरवला. ते स्वतः लेथवर वाढलेले गृहस्थ. हातात काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही.

“आमच्याकडं पण सगळे इंचाचेच लेथ,” ते म्हणाले. “आन् आता कारखाने सगळे मिलिमीटरचं मागायला लागलेत. परत पाठवतोय आम्ही कामं.” मग म्हणाले, “बाई, लेथ राहू दे. ह्यो गिअर द्या. म्हणाल ते देतो.”

“गिअर विकायचा नाही, शेठ.”

“मग दुसरा करून द्या.”

“तोही नाही. मिलिमीटरचे आटे पाहिजेत तर काम घेऊन या. आम्ही पाडून देऊ.”

शेठनी माझ्याकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणि दारावरच्या पाटीकडे बघितलं. ती वाचून ते हसले नाहीत. बाहेर हमालांनी ओंडके उतरवायला सुरुवात केली होती. त्यांच्यातला म्होरक्या दोरखंड खांद्यावर टाकून आत आला.

“शेठ, मशीन कुठलं उचलायचं?”

“मशीन न्हाई उचलायचं,” यादवशेठ त्याच्यावर खेकसले. “ट्रक फिरवा. आपल्या वर्कशॉपात परत पाठवायच्या म्हणून ठेवलेल्या सळया हायत न्हवं, त्या सगळ्या भरून आणा. आन् कुठं उतरायच्या, ते बाईंना इचारा.”

मी पदर खोचला आणि त्याला जागा दाखवली.